अमली पदार्थांचे खटले: कबुली, वजन आणि अपील

कुपवाडची गोदामे, कवठेमहांकाळ तालुक्यातले इरळी, विट्याजवळची कार्वे एमआयडीसी. २०२४ पासून सांगली जिल्ह्यातली ही नावे एमडीमुळे, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थामुळे, बातम्यांत आली. त्याआधी इथे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा, म्हटले की पिकात लपवून लावलेला गांजा आठवायचा. सांगली-साताऱ्याची अपिले आता मुंबईऐवजी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे जातात. ते १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे.

गुन्हा कबूल करून हलकी शिक्षा ठरवून घ्यायची सौदेबाजी, म्हणजे प्ली बार्गेनिंग, कायद्यात ५ जुलै २००६ ला आली. त्याआधी वरची न्यायालये तिला थारा देत नसत. हलक्या शिक्षेच्या आशेने कबुली दिलेल्या आरोपीची शिक्षा अपिलात वाढवता येणार नाही, दोषसिद्धी रद्द करून खटला पुन्हा चालवावा लागेल, असे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ठरले होते.

२००६ च्या तरतुदीतून सात वर्षांहून जास्त शिक्षेचे गुन्हे वगळले आहेत. त्यामुळे अमली पदार्थांत हा मार्ग उरतो तो मुख्यतः अल्प प्रमाणाला आणि सेवनाला: गांजा एक किलोपर्यंत, हेरॉइन पाच ग्रॅम, एमडी दोन ग्रॅम. त्यापुढे दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. व्यावसायिक प्रमाण म्हणजे गांजा २० किलो, हेरॉइन २५० ग्रॅम, एमडी ५० ग्रॅम. तिथे किमान दहा वर्षे आणि एक लाख दंड. ही उतरंड २००१ च्या दुरुस्तीने आली.

पण वजन कशाचे धरायचे? चार किलोहून जास्त मालात शुद्ध हेरॉइन जेमतेम ६० ग्रॅम निघाले, अशा प्रकरणात २००८ मध्ये सर्वांत वरच्या न्यायालयाने शुद्ध अंशच धरला आणि दहा वर्षांची शिक्षा सहावर आणली. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २००९ मध्ये, केंद्राने अधिसूचना काढून संपूर्ण मिश्रणाचे वजन धरायला सांगितले. मग दहा वर्षे दोन्ही बाजूंनी वाद चालला. एप्रिल २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २००८ चा निकाल चुकीचा ठरवला. बाजारात पदार्थ मिश्रणातूनच विकला जातो, हा त्यामागचा युक्तिवाद वजनदार आहे. तरी भेसळ करणारा एक आणि तिच्या ग्रॅमांची शिक्षा भोगणारा दुसरा, हे त्यातून सुटत नाही. तीनशे ग्रॅम पुडीत दहा टक्के हेरॉइन असेल, तर २००८ च्या हिशेबाने किमान शिक्षाच नव्हती. आता दहा वर्षे.

सौदेबाजीच्या निकालावर साधे अपील नाही. उच्च न्यायालयात रिट किंवा सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगीचा अर्ज एवढेच. सौदा न करता नुसता गुन्हा कबूल केला असेल, तर आरोपीला शिक्षेचे प्रमाण आणि कायदेशीरपणा यांवरच अपील करता येते. किमान शिक्षेखाली कोर्टाला उतरता येत नाही, म्हणून ‘भोगली तेवढी पुरे’ असा आदेश व्यावसायिक प्रमाणात टिकत नाही. उलट दंड न भरल्याबद्दलची कैद अपिलात कमी होऊ शकते. २००७ मध्ये ती तीन वर्षांवरून सहा महिन्यांवर आणली गेली.

१ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सौदेबाजीचा अर्ज आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत करावा लागतो. सीए रिपोर्ट, म्हणजे मालाचा रासायनिक तपासणी अहवाल, रखडला, तर पुडीत नेमके काय होते हे कळण्याआधीच आरोपीला कबुलीचा निर्णय घ्यावा लागतो.