हाफ क्लचमधले तेरा गिझर

पोळा होऊन चार दिवस झाले होते. दारव्ह्याकडच्या आमच्या पांदणीत जिप्सी रुतली आणि सगळे करतात तेच मीही केलं. पहिला गिअर, क्लचवर अर्धा पाय, ॲक्सिलरेटर दाबून धरलेला. दहा सेकंदांत नाकात चढणारा जळका वास आला. गाडी तसूभर हलली नाही. शेवटी शेजारच्या ट्रॅक्टरनं ओढली.

गाडी 1998 ची जिप्सी किंग. मूळचं 1.3 लिटरचं इंजिन काढून जुन्या बलेनोचं 1.6 लिटरचं बसवलंय. रॅलीचा नाद असलेल्यांची ही जुनी आवड. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, शंभराच्या आसपास होता, तो 130 न्यूटन-मीटरच्या आसपास गेला. क्लच मात्र जुनाच. मिस्त्रीनं गिअरबॉक्स उतरवला तेव्हा फ्लायव्हीलवर (इंजिनाला जोडलेलं जड चाक) निळे डाग होते आणि त्याला चिकटून इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला देणारी क्लचची प्लेट काचेसारखी चकाकत होती. "भाऊ, बटन प्लेटच टाकून घ्या," तो म्हणाला. "ट्रॅक्टरले चालते तं हिले काऊन नाही चालणार?"

प्रश्न रास्त होता. उत्तर शोधायला थोडा हिशेब करावा लागला.

क्लच किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: घर्षणांक, प्रेशर प्लेटचा (क्लचची प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारी चकती) दाब, प्लेटवरच्या घासणाऱ्या अस्तराची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजू, म्हणजे दोन. सोयीचे आकडे घेऊ. घर्षणांक 0.3, दाब 3500 न्यूटन, त्रिज्या 8 सेंटिमीटर. गुणाकार 168 न्यूटन-मीटर. इंजिनाचे 130 आरामात मावतात. मग प्लेट जळली कशी?

कारण 0.3 हा आकडा थंड प्लेटचा. साध्या प्लेटचं अस्तर तंतू आणि रेझिनचं असतं. ते फार तापलं की रेझिन सुटायला लागतं, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि घर्षणांक घसरतो. तो 0.2 वर आला की तोच क्लच फक्त 112 पेलतो. इंजिन 130 देतंय, म्हणजे प्लेट घसरणार; घसरली की आणखी तापणार, तापली की आणखी घसरणार.

आता पांदणीतले ते दहा सेकंद. चाकं जागेवर, इंजिन मिनिटाला 2500 फेऱ्यांवर, क्लचमधून समजा 100 न्यूटन-मीटर जातंय. घसरणीतली शक्ती निघते 26 किलोवॅट. घरात दोन किलोवॅटचा गिझर असतो ना, तसे तेरा गिझर त्या बंद डब्यात एकदम चालू! दहा सेकंदांत 260 किलोज्यूल उष्णता. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट मिळून दहा किलो लोखंड धरलं तरी सगळं मिळून 57 अंशांनी तापतं, आणि हे सरासरीनं. उष्णता आत मुरायच्या आत घासणारा थर कितीतरी जास्त तापलेला असतो. निळे डाग त्याचेच.

रॅलीत सुटताना त्यामानानं कमी जळतं. हजार किलोची गाडी ताशी 30 किलोमीटरवर जाताना तिच्यात सुमारे 35 किलोज्यूल गतिज ऊर्जा येते आणि साधारण तितकीच उष्णता क्लचमध्ये पडते. म्हणजे माझं एकदाचं रुतणं सात सुटण्यांइतकं महाग पडलं. ओली काळी माती चाकाला अशी चिकटते की रस्त्यापेक्षा तीच जास्त क्लच खाते.

बटन प्लेट, म्हणजे तांब्याच्या भुकटीत इतर द्रव्यं मिसळून, भाजून केलेल्या टिकल्यांची प्लेट, एवढी उष्णता सहज सोसते. पण ती पकडते एकदम. हाफ क्लच असं काही उरतच नाही. ट्रॅक्टरचं वजन आणि गिअर त्याला साजेसे असतात. माझ्या गाडीत तो झटका थेट गिअरच्या दातांवर आणि ॲक्सलवर जातो, त्यातून ओल्या मातीत चाकं लगेच फिरू लागतात. काही बटन प्लेटांना झटका शोषणाऱ्या मधल्या स्प्रिंगाही नसतात, तेव्हा तर विचारूच नका. प्लेट बदलणं दिवसाचं काम आहे. जुन्या जिप्सीच्या गिअरबॉक्सचे भाग मिळवायला किती फिरावं लागेल, सांगता येत नाही.

प्लेटच मोठी टाकावी, तर व्यास दहा टक्क्यांनी वाढला की फिरती जडता सुमारे 46 टक्क्यांनी वाढते (जाडी तीच ठेवली तर), आणि दर गिअरला ती सिंक्रोनायझरला (गिअर बदलताना वेग जुळवणारा भाग) थोपवावी लागते. शिवाय फ्लायव्हीलवर जागा हवी.

उरला दाब. तो 20 टक्क्यांनी वाढवून 4200 न्यूटन केला की थंडपणी क्लच 202 पेलतो, आणि घर्षणांक 0.2 वर घसरला तरी 134. इंजिनाच्या चारच वर, पण वर. पेडल तेवढंच जड होतं आणि केबल लवकर तुटते. जादा केबल सीटखाली ठेवली की झालं. प्रेशर प्लेटची बशीसारखी स्प्रिंगही कामाची आहे. ज्युलियँ बेलव्हील या फ्रेंच माणसानं 1867 मध्ये अशा चकतीचं पेटंट घेतलं. साधी स्प्रिंग प्लेट झिजली की सैल पडते. ही आधी थोडी जास्तच दाबते, मग हळूहळू उतरते.

मी जड प्रेशर प्लेट आणि स्प्रिंगांची साधी प्लेट घेतली. मिस्त्रीला पटलं नाही, पण त्यानं फ्लायव्हील लेथवर साफ करून आणलं. क्लचचा जुना डबा कॉम्प्रेसरनं फुंकायला निघाला तेव्हा त्याला थांबवून ओलं फडकं दिलं. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ फुप्फुसात गेलेली परत येत नाही.

"आता पाचशे किलोमीटर हाफ क्लच नका करजा," त्यानं बजावलं. नवं अस्तर फ्लायव्हीलवर नीट बसायला तेवढं लागतं. म्हणून सध्या माझी रॅलीची गाडी डांबरी रस्त्यानं सरकीची पोती आणते, आणि आमच्या पांदणीच्या तोंडाशीच उभी राहते. तिथून पुढे पोतं खांद्यावर.