पावसाळ्यात डेक निसरडा होऊ नये म्हणून

आमच्याकडून लाकडी डेक बसवून घेतलेल्या कोकणातल्या ग्राहकांसाठी

ओल्या लाकडावरून माणूस सहसा घसरत नाही, घसरतो तो त्यावरच्या शेवाळावरून. त्यामुळे पाऊस लागला म्हणून घाबरायचे कारण नाही. पाणी कुठे साचते आणि ऊन कुठे पोचत नाही, एवढे मात्र पाहून ठेवा. कौलांच्या पागोळ्या जिथे पडतात ती पट्टी, आंब्या-फणसाखालचा कोपरा आणि कुंड्यांच्या तळाची जागा सर्वांत आधी हिरवी होते. फळी नखाने खरवडून पाहा. नखात हिरवट, बुळबुळीत थर आला तर डोळ्यांना दिसत नसले तरी शेवाळ धरले आहे.

आठवड्यातून एकदा खराट्याने पाने झाडा. फळ्यांमधल्या फटी पाणी खाली जावे म्हणूनच ठेवलेल्या असतात. त्यांत कुजलेली पाने बसली की पाणी वरच थांबते, म्हणून पुट्टी लावायच्या पत्रीने त्या मोकळ्या करा. खाचांची फळी घसरत नाही हा समजही खरा नाही, खाचांत माती भरली की तीही तितकीच निसरडी होते.

शेवाळ धरलेच तर साबणाचे पाणी आणि नायलॉनचा कडक ब्रश घ्या, लाकडाच्या रेषेने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. तारेचा ब्रश नको. त्याचे लोखंडी कण सागवानात अडकले की काळे डाग पडतात. प्रेशर वॉशर जवळून मारला तर लाकडाचे तंतू उभे राहतात आणि पुढच्या पावसात शेवाळ तिथेच घट्ट बसते. बाथरूमचे ॲसिड डेकवर कधीही ओतू नका. ते लाकूड आणि स्क्रू दोन्ही खाते, आणि ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. ही चूक जिवावर बेतू शकते.

तेल मे महिन्यात, लाकूड पूर्ण कोरडे असताना द्यावे. फळीवर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब मण्यासारखे उभे राहिले तर तेल अजून टिकून आहे, काही मिनिटांत मुरले तर तेल द्यायची वेळ झाली. तेल पातळ लावा आणि जास्तीचे पुसून घ्या, साचलेले तेल चिकट राहते. चकचकीत वॉर्निश आम्ही डेकला लावत नाही. ओले झाले की त्यावर पाय ठरत नाही आणि वर्ष-दोन वर्षांत त्याचे पोपडे निघतात. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांना एक आवर्जून सांगणे. जूनपासून बंद असलेले घर तुम्ही गणपतीला उघडता, तेव्हा डेकवर दोन-तीन महिन्यांचे शेवाळ असते. सामान उतरवायच्या गडबडीत तिकडे लक्ष जात नाही, आणि आजी-आजोबा सवयीने तिथूनच आत शिरतात. आधी डेक घासून घ्या, तोवर सगळ्यांना दुसऱ्या दाराने आत न्या. झिजलेल्या गुळगुळीत चपला घालून ओल्या डेकवर कोणीही जाऊ नये.

पायऱ्यांच्या कडांना खरखरीत पट्ट्या लावून घ्याव्यात, कारण उतरताना सगळा भार कडेवर येतो. पायरीची फळी हलत असेल किंवा स्क्रू वर आला असेल तर पाऊस संपायची वाट पाहू नका, लगेच कळवा. त्या दुरुस्तीला आम्ही पावसातही येतो.