एमसीबी पडत नाही, तरी सॉकेट जळतो

गिझर चालू केला की स्विचबोर्डातून बारीक चरचर ऐकू येते. प्लग काढावा तर हाताला चटका, पिनही काळवंडलेली. डीबीतला (मेन बोर्डातला) एमसीबी, म्हणजे करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, मात्र पडलेला नसतो. तो बिघडलाय असं नाही. त्याच्या हिशेबात काही चुकलेलंच नाही.

2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टला सुमारे 8.7 अँपिअर करंट घेतो आणि लाइनवर एमसीबी असतो 16 अँपिअरचा. सॉकेटचा स्क्रू ढिला होऊन फटीत स्पार्किंग सुरू झालं, की करंट वाढत नाही, उलट किंचित घटतो. एमसीबी पडणार कशाला? आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच, फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटचा फरक बघतो. इथे गेलेला सगळा करंट परत येतोय, म्हणून तोही स्वस्थ. आणि त्या फटीत तापमान हजारो अंशांवर! तांबं 1085 अंशांना वितळतं, वायरवरचं पीव्हीसी त्याच्या कितीतरी आधी जळतं. त्याचा कोळसा होतो आणि त्या कोळशातून वीज वाहू लागते, म्हणजे स्पार्कला पसरायला आयती वाट.

फटीतल्या अशा स्पार्कला आर्क म्हणतात. तो पकडायला बनवलेला आर्क-फॉल्ट ब्रेकर करंट किती आहे यापेक्षा त्याच्या लहरीचा आकार कसा आहे ते तपासतो. आपला 50 हर्ट्झचा करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो. दर वेळी स्पार्क विझतो आणि व्होल्टेज पुरेसं चढल्यावरच पुन्हा पेटतो. त्यामुळे करंट शून्यापाशी क्षणभर रेंगाळतो, शिवाय उच्च वारंवारितेची खरखर मिसळते. ब्रेकरमधली चिप हे ओळखते. खरी पंचाईत पुढेच आहे: मिक्सरच्या आणि ड्रिलच्या कार्बन ब्रशपाशीही ठिणग्या उडतातच, अगदी निरोगी मशीनमध्ये. त्यांना चोर ठरवून उगाच लाइट घालवणारा ब्रेकर लोक काढून टाकतात. अमेरिकेच्या वायरिंग नियमांत हा ब्रेकर 1999 च्या आवृत्तीत आला, सक्ती 2002 पासून आणि तीही आधी फक्त बेडरूमपुरती. आयईसी 62606 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार 10 अँपिअरचा आर्क पाव सेकंदात तुटायला हवा.

पण ढिला जॉइंट कधी कधी स्पार्क न करता नुसता लाल होत राहतो. तो या महागड्या ब्रेकरलाही चुकवू शकतो. म्हणून चरचर ऐकू आली तर मेन बंद करून वायरमनला बोलवा आणि नुसता स्क्रू आवळून घेऊ नका. तापलेल्या सॉकेटच्या पत्तीची पकड गेलेली असते. सॉकेट बदलायचा, वायरचं काळं टोक कापून टाकायचं, आणि प्लगची पिन काळी असेल तर प्लगही नवा.