ठिणगी गेली, ठिणगी परत आली

वळवाचे ढग दाटले की नागपुरात मीडियम वेव्ह रेडिओ गाण्यापेक्षा कडकडाटच जास्त ऐकवतो, आणि काटा कुठेही फिरवला तरी तो सुटत नाही. रेडिओशेजारी गॅसचा लायटर दाबून पाहा, तसाच ‘टक्’ येईल. एकदम घडणाऱ्या विद्युतविसर्गात एकच वारंवारता नसते, असंख्य असतात.

रेडिओ जन्मला तो याच ‘टक्’मधून. १८८७च्या सुमारास कार्लस्रूहमध्ये हाइनरिख हर्ट्झने इंडक्शन कॉइलने (कमी व्होल्टचे जास्त व्होल्ट करणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांनी) हजारो व्होल्ट तयार करून ते दोन गोळ्यांमधल्या फटीवर लावले. फटीत ठिणगी पडली आणि जोडलेल्या तारांमधून लहरी बाहेर पडल्या. ती फट म्हणजे खरे तर स्विचच. साठवलेली ऊर्जा क्षणात सोडून विजेचा झटका, म्हणजे ‘स्पंद’, देणाऱ्या जनित्रांची पुढची सगळी कहाणी या स्विचची आहे. ऊर्जा साठवणे त्या मानाने सोपे.

ठिणगीवरची तारायंत्रे जहाजांवर खूप चालली, पण एक स्टेशन बोलू लागले की शेजारची दोन-चार गप्प बसत. १९२७च्या वॉशिंग्टन परिषदेने या ठिणगीच्या यंत्रांना निरोप द्यायला सुरुवात केली. त्याआधीच, १९२४मध्ये, जर्मन अभियंता एर्विन मार्क्सने आपली जोडणी मांडली होती: कपॅसिटर (वीज साठवणारे घटक) समांतर चार्ज करायचे आणि ठिणगी-फटींतून क्षणात एकसरीत, एकापुढे एक, जोडायचे, म्हणजे व्होल्टची बेरीज होते. २० किलोव्होल्टचे दहा टप्पे, जवळपास २०० किलोव्होल्ट! त्याला अँटेनाशी देणेघेणे नव्हते. विजेच्या साहित्याची चाचणी करायची होती.

अँटेनाकडे गाडी वळली ती रडारमुळे. १९४०च्या मॅग्नेट्रॉनला, म्हणजे रडारच्या सूक्ष्मलहरी निर्माण करणाऱ्या नळीला, अनेक किलोव्होल्टचे, मायक्रोसेकंदभराचे चौकोनी स्पंद हवे होते. एक मेगावॉटचा, एक मायक्रोसेकंदाचा स्पंद सेकंदाला हजार वेळा दिला तरी सरासरी शक्ती एक किलोवॉटच. नागपुरात १९८८मध्ये आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीसाठी लागलेला प्रक्षेपकही मेगावॉटचाच, पण तो स्पंदांऐवजी अखंड लहर सोडायचा. स्पंद घडवायला आधी चार्ज केलेली तारांची जोडी, म्हणजे लाइन, वापरतात; साध्या लाइनमधून जुळत्या भाराला (तिच्याइतकाच अवरोध असलेल्या यंत्राला) निम्माच विद्युतदाब मिळतो. ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लूमलाइनच्या जोडणीत पूर्ण मिळतो. स्विचचे काम थायरॅट्रॉन या वायू भरलेल्या नळीने उचलले.

मग मधली मॅग्नेट्रॉनची नळीच काढून टाकली आणि स्पंद थेट अँटेनात सोडला. इथे विद्युतदाबापेक्षा चढण्याचा वेग महत्त्वाचा: स्पंद एका नॅनोसेकंदात चढला तर वारंवारतांचा पट्टा साधारण ३५० मेगाहर्ट्झपर्यंत जातो. जमिनीखाली डोकावणाऱ्या छोट्या रडारला ॲव्हलांच ट्रान्झिस्टर (एकदम वाहू लागणारा अर्धवाहक स्विच) पुरतो, मोठ्या विद्युतदाबाला दाबाखालच्या वायूतली फट लागते, म्हणजे पुन्हा हर्ट्झचीच ठिणगी! लेनिनग्राडच्या योफे भौतिकी संस्थेतल्या ग्रेखोव्ह यांच्या गटाने १९८०च्या दशकात नॅनोसेकंदात किलोव्होल्ट तोडणारे डायोड दिले. पण साधा द्विध्रुव (दोन दांड्यांची अँटेना) असा स्पंद मिळाला की घंटेसारखा वाजतच राहतो, आणि न जुळलेल्या अँटेनावरून परतलेला स्पंद स्विचवरच आदळतो. म्हणून जनित्र आणि अँटेना वेगवेगळे आखून भागत नाही, हे माझे ठाम मत.

पसरट पट्ट्याचा जुना दोष, शेजाऱ्यांना गप्प करण्याचा, मात्र तसाच आहे. २००२मध्ये अमेरिकेने अल्ट्रावाइडबँडला (अशा पसरट पट्ट्याच्या रेडिओला) परवानगी दिली, तीही ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झच्या मुख्य पट्ट्यात आणि अगदी क्षीण शक्तीला.