मीटिंग आणि लाइव्ह स्ट्रीम: लेक्चरसाठी कोणतं?

झूमवर घेतलेला तास आणि यूट्यूबवर थेट दाखवलेला तास, मोबाइलवर दोन्ही सारखेच दिसतात. बेळगाव शहरात टिळकवाडीत बसून बघणाऱ्याला फरक जाणवणारही नाही. खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडे पावसात नेटवर्क ये-जा करायला लागलं, की तो लगेच कळतो.

मीटिंगमध्ये बोलणं दोन्हीकडून चालतं, त्यामुळे आवाज अर्ध्या सेकंदाच्या आत पोचावा लागतो. वाटेत एखादा तुकडा हरवला तर तो परत मागवायला सवड नसते. सरांचं वाक्य तुटलं ते तुटलंच. स्ट्रीम मुद्दाम काही सेकंद, कधी वीस-तीस सेकंदही, मागे चालतो. तेवढ्या वेळात हरवलेला तुकडा पुन्हा मागवता येतो, आणि नेट फारच मंद झालं तर चित्र १४४पी पर्यंत उतरतं, पण बोलणं सहसा सलग ऐकू येतं. शिवाय तास चालू असतानाच मागे जाता येतं. मराठी माध्यमातून येऊन पदवीला इंग्रजीत शिकणाऱ्या खानापूरच्या मुलीसाठी ही सोय फार मोलाची आहे. न कळलेलं वाक्य ती लगेच पुन्हा ऐकू शकते.

शंका विचारायला मात्र मीटिंगच हवी. स्ट्रीमवर प्रश्न चॅटमध्ये टाकावा लागतो आणि तो पोचेपर्यंत मॅडम पुढच्या मुद्द्यावर गेलेल्या असतात. म्हणून माझं स्पष्ट मत: शिकवणं स्ट्रीमवर, शंकांसाठी वेगळी छोटी मीटिंग. झूमच्या फुकट खात्यावरची ४० मिनिटं त्याला पुरतात.

रेकॉर्डिंगबाबत जास्त काळजी घ्यावी लागते. मीटिंगच्या रेकॉर्डिंगमध्ये विद्यार्थ्यांचे चेहरे आणि आवाजही येतात, तेव्हा आधी विचारायलाच हवं. स्ट्रीममध्ये फक्त शिकवणारा दिसतो. पण व्हिडिओ ‘अनलिस्टेड’ (म्हणजे शोधून न सापडणारा) ठेवला तरी लिंक ज्याच्या हाती पडेल तो बघू शकतो, हे लक्षात असू द्या. आणि कॉलेजचंच नेट अडखळलं, तर यूट्यूबवर उरलेल्या व्हिडिओतही तेच खंड राहतात. ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर एकाच वेळी स्ट्रीमही पाठवतं आणि लॅपटॉपवर रेकॉर्डही करतं. ती फाइल नेटवर अवलंबून नसते, त्यामुळे ती अखंड मिळते. नंतर तीच चढवावी.

यूट्यूब खात्यावर लाइव्हची सोय पहिल्यांदा सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. ते काम आदल्या आठवड्यातच उरकून ठेवा.