टीव्ही गेम (ग्रामीण विदर्भ)

टीव्ही गेम : दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळण्याचे आठ-बिटी यंत्र व त्यावरील खेळ. विदर्भाच्या खेड्यांत नुसते ‘गेम’ही म्हणतात. खेळ साठवलेल्या प्लॅस्टिकच्या डबीला ‘कॅसेट’ हे नाव रूढ आहे. तिच्यात फीत नसते, सर्किट बोर्ड असतो. इम्युलेटर म्हणजे अशा जुन्या यंत्राची नक्कल करून त्याचे खेळ आजच्या संगणकावर वा मोबाइलवर चालवणारी आज्ञावली.

या यंत्राला घरगुती संगणक म्हणावे की नाही, याविषयी एकमत नाही. कडक व्याख्या करणारे बीबीसी मायक्रो (१९८१), झेडएक्स स्पेक्ट्रम (१९८२) अशा ब्रिटिश संगणकांनाच ते नाव देतात. पैकी बीबीसी मायक्रो १९८४–८५ पासून ‘क्लास’ या शालेय संगणकशिक्षणाच्या सरकारी प्रकल्पातून भारतातील निवडक शाळांत पोहोचला. खेड्यातल्या घरात मात्र, बहुधा नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, शिरली ती निन्टेंडो कंपनीच्या १९८३ मधील जपानी यंत्राची स्वस्त नक्कल. त्या मूळ यंत्राचे नावच ‘फॅमिली कॉम्प्युटर’ होते आणि १९८४ मध्ये त्यासाठी बेसिक ही आज्ञावली लिहिण्याची भाषा व कीबोर्ड निघाला होता. म्हणजे कीबोर्ड ही नक्कल करणाऱ्यांची शक्कल नव्हे. कीबोर्डवाल्या नकलांत बेसिक व टायपिंगचा सराव असे. ‘पोट्टे कॉम्प्युटर शिकतीन’ एवढे कारण घरच्यांना पुरे होई. हे पाहता या प्रदेशापुरते तरी व्यापक व्याख्येचे मत अधिक ग्राह्य वाटते.

वेग : हे जुने खेळ इम्युलेटरवर जतन करण्याच्या दृष्टीने हा सर्वांत गुंतागुंतीचा मुद्दा होय. जपानी यंत्र सेकंदाला सुमारे ६० चित्रे दाखवी. भारतातील पाल या दूरचित्रवाणी प्रक्षेपण प्रणालीचा संच ५० दाखवतो. खेळाची हालचाल चित्रागणिक मोजलेली असल्याने ६० साठी लिहिलेला सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) ५० च्या यंत्रावर पाच-षष्ठांश वेगाने पळतो. आवाजाचे गणित वेगळे. तो प्रोसेसरच्या ठोक्यांवर अवलंबून असतो. जपानी यंत्राचे ठोके १.७९ मेगाहर्ट्‌झ, युरोपसाठीच्या अधिकृत यंत्राचे १.६६, तर पाल-नकलांतील एका प्रचलित चिपचे १.७७. म्हणून अशा नकलेवर सूर जवळजवळ तोच राहतो, फक्त लय संथ होते; युरोपीय यंत्रावर सूरही उतरतो. इम्युलेटरमध्ये या तिसऱ्या प्रकारासाठी ‘डेंडी’ (रशियात गाजलेल्या नकलेचे नाव) असा पर्याय असतो. मूळ वेग ६० चाच, असे शुद्धतावादी मानतात. तथापि जतन करायचा तो इथे खेळला गेलेला खेळ असेल, तर हा पर्याय निवडणे उचित. मोबाइलवर मारिओ ‘लय जोरात पळते’ ही लहानपणी खेळलेल्यांची तक्रार स्मृतिदोष म्हणून झटकता येत नाही.

कॅसेटमधील चिप बहुधा काळ्या राळेच्या थेंबाखाली दडलेली असते व सोडवता येत नाही. तिच्यातील खेळाचा मजकूर कडेच्या ६० धातूच्या पट्ट्यांतूनच वाचून घ्यावा लागतो. कॅसेट लागली नाही की तोंडाजवळ धरून फुंकर मारण्याची सार्वत्रिक रीत होती. खेळ सुरू होई तो बहुधा कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. श्वासातील दमटपणाने पट्ट्या उलट काळवंडतात. वाचनापूर्वी त्या खोडरबराने पुसतात. ‘९९९९९९९ इन १’ सारख्या कॅसेटींत प्रत्यक्षात मोजकेच खेळ असून तेच पुढच्या टप्प्यापासून सुरू करून वेगळ्या नावांनी यादीत घातलेले असतात. कित्येकदा शीर्षकपटावरून मूळ कंपनीचे नावही पुसलेले असते. संग्राहक यांना कचरा समजतात. हे बरोबर नाही : खेड्यात आला तो खेळ याच रूपात.

प्रगती साठवण्याची सोय अशा कॅसेटींत सहसा नसे. लाइन गेली की डाव मोडला. इम्युलेटरमध्ये कोणत्याही क्षणी डाव गोठवता येतो, त्यामुळे अवघडपणाचा अनुभव बदलतो.

कायदा : प्रतिलिप्यधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार आज्ञावलीच्या वैध धारकाला संरक्षक प्रत करता येते; नकली कॅसेटच्या मालकाला त्याचा आधार घेणे कठीण.

पिस्तुलाचे खेळ (उदा., डक हंट, १९८४) चित्रनळीच्या संचावरच नीट चालतात. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो व पिस्तुलातील प्रकाशसंवेदक तो टिपतो. सपाट संचावर चित्र किंचित उशिरा येते व बार फुकट जातो. चित्रनळीचे संच भंगारात गेल्याने आता हे खेळ इम्युलेटरवर माउसने खेळतात.