नरोऱ्याची आग : राखीव यंत्रणा असूनही अंधार का झाला?

अणुभट्टीत एका कामाला एकाहून अधिक यंत्रणा ठेवायच्या, ही पद्धत अणुभट्टीइतकीच जुनी. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत एन्रिको फर्मींनी पहिली साखळी प्रक्रिया घडवली, तेव्हा ही प्रक्रिया रोखणाऱ्या नेहमीच्या दांड्यांखेरीज दोराला टांगलेला एक जादा दांडा होता. वेळ आलीच तर तो दोर तोडायला नॉर्मन हिलबेरी कुऱ्हाड घेऊन उभे होते. तेही फसले तर प्रक्रिया थांबवणारे कॅडमियमचे द्रावण ओतायला माणसे तयार होती.

पुढे पंप, डिझेल जनित्रे, बॅटऱ्या अशा सगळ्यांच्याच जोड्या झाल्या. त्यांच्या केबली कुठून जातात, हे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. २२ मार्च १९७५ रोजी अमेरिकेत अलाबामातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात कामगार चक्क मेणबत्ती धरून हवेची गळती शोधत होते. केबलींभोवतीच्या फोमने पेट घेतला, सोळाशेहून अधिक केबली जळाल्या आणि पहिल्या युनिटची आपत्कालीन शीतकरण यंत्रणा हातची गेली.

हा धडा समोर असूनही १८ वर्षांनी उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या अणुवीज केंद्रात तेच घडले. तिथली रचना कागदावर भक्कम होती. भट्टी झटपट बंद करणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा असलेले ते भारतातले पहिले केंद्र. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे पहिल्या युनिटच्या टर्बाइनची पाती तुटली, वीजजनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन गळला, भडका उडाला. पर्यायी वीजपुरवठ्याच्या केबली पुरेशा विलग नव्हत्या. काही मिनिटांत सगळेच पुरवठे गेले, ते १७ तास.

भट्टी बंद झाली होती, पण बंद भट्टीही बराच काळ उष्णता देत राहते. अखेर कामी आले ते अग्निशमनाचे डिझेल पंप. स्वतःचे इंजिन असल्याने त्यांना केंद्राच्या विजेची गरज नव्हती. त्यांचे पाणी बाष्पजनित्रांना, म्हणजे भट्टीची उष्णता घेऊन वाफ करणाऱ्या पात्रांना मिळाले. कर्मचाऱ्यांनी टॉर्चच्या उजेडात वर चढून भट्टीत बोरॉन (साखळी प्रक्रिया पुन्हा सुरू होऊ न देणारे द्रव्य) सोडणारे व्हॉल्व्ह हाताने उघडले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. त्यानंतर भारतीय केंद्रांत केबलींचे मार्ग वेगळे करण्यावर आणि मधल्या अग्निरोधक अडसरांवर भर आला.

११ मार्च २०११ रोजी जपानच्या फुकुशिमा दाइइची केंद्रात आगीऐवजी त्सुनामीचे पाणी आले, एवढाच फरक. तिथल्या १३ डिझेल जनित्रांपैकी बहुतेक पाण्यामुळे निकामी झाली. दोन तर स्वतः कोरडी राहूनही, कारण त्यांचे स्विचबोर्ड तळघरात होते आणि ते बुडाले. सहाव्या युनिटचे एक हवेने थंड होणारे जनित्र तेवढे चालत राहिले आणि पाचव्या युनिटलाही त्यानेच तारले.